सांजेचा फोन

नळाला पाणी यायचा दिवस होता. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे ज्या सकाळी येतं त्या सकाळी घरात दुसरं काही धड होत नाही. पाइप या पिंपातून त्या पिंपात, मग वरच्या टाकीत, मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच सुबोधचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, "माझा डबा झाला का?" मी एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात कालथा घेऊन उभी होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. उघड्या तळव्याची, सावकाश, एक थाप पडल्यावर दुसरीची घाई नसलेली.

"गोजाबाई आल्या," सुबोध आतूनच म्हणाला.

आमच्या दाराला बेल आहे हे गोजाबाईंना माहीत नाही असं नाही. मी एकदा दाखवलीही होती. "त्ये दाबलं तर आत वाजलं का न्हाई, भायेरच्याला काय कळतंय?" असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला होता. थाप मारली की निदान हाताला तरी कळतं, हे त्यांचं म्हणणं.

दार उघडलं. खांद्यावर घडी घातलेलं काळं घोंगडं, पायात टायरच्या जाड चपला, काखेत एक फडक्याचं गाठोडं. डोळे लाल. पहाटेची एसटी धरून आल्या होत्या आणि त्या आधीची रात्रही झोपेत गेलेली दिसत नव्हती. मी "या" म्हणेपर्यंत त्या आत आल्या, गाठोडं कोपऱ्यात ठेवलं आणि माझ्या हातातला पाइप काढून घेऊन पुढच्या पिंपात सोडला. पहिलं पिंप भरून वाहत होतं, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"वैनी, भाकरी करपली बगा," त्या म्हणाल्या. तीही करपली होती.

गोजाबाई सांगोल्याकडच्या. मेंढरंवाल्यांच्या घरातल्या. उजनीच्या पाण्याकाठी माझ्या सासरची थोडी जमीन आहे, माझे थोरले दीर चिंतामणी ती बघतात. दरवर्षी दिवाळी झाली की गोजाबाईंची मेंढरं त्या बाजूला येतात आणि काही रात्री आमच्या रानात बसतात. मेंढरं रानात बसली की लेंडीखत मिळतं, त्याच्या बदल्यात धान्य द्यायचं, ही रीत सासऱ्यांच्याही आधीची. मी लग्न होऊन नवीन गेले होते, तेव्हा गोजाबाईंना पहिल्यांदा पाहिलं. त्या घोड्याचा लगाम धरून बांधावरून येत होत्या. घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार, वर कोंबड्यांची डाल, एका बाजूच्या पिशवीतून दोन कोकरांची तोंडं बाहेर. त्यांच्यात बाया घोडं घेऊन पुढे जातात, जागा बघतात, चूल मांडतात. पुरुष मेंढरं चारत मागून येतात. मेंढरं पोचायच्या आत चूल पेटलेली पाहिजे. गोजाबाईंचं आयुष्य या पुढे जाऊन चूल पेटवण्यात गेलं. त्यातच जोतिराम झाला, त्यातच पूनम झाली. पूनम झाली तेव्हा त्या तिसऱ्या दिवशी चालायला लागल्या, हे त्या सांगतात ते कौतुकासाठी नाही, आपण विचारलं म्हणून.

मेंढरांच्या मागे बिरप्पादादा असायचे. उंच, काठीसारखे सरळ. त्यांना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ते आता गावी असतात. जोतिरामची बायको राजनंदिनी त्यांचं सगळं करते. मेंढरांबरोबर गोजाबाई, त्यांचे दीर सिद्धाराम आणि जाऊ केराबाई असे तिघंच हिंडतात. बिरप्पादादांच्या जागी आता गोजाबाई चालतात, आणि पुढे जाऊन चूल पेटवायची ती पेटवतातच.

सुबोध डबा घेऊन ऑफिसला गेला. पाणी थांबलं. मी चहा टाकला आणि गोजाबाईंच्या समोर बसले.

"आता बोला. एवढ्या पहाटे का आलात?"

त्यांनी गाठोडं सोडलं. आतून एक काळी डबी निघाली. पॉवर बँक होती, पण फुगलेली. दोन्ही बाजूंनी पोट सुटल्यासारखी, कडेची शिवण उकललेली.

"ही चार्जिंगची डबी," त्या म्हणाल्या. "जोतिरामनं ठेल्यावरनं घेतलीती. मेली. आता तुमी घेता तसली चांगली घ्यायची हाय. मला त्यातलं काय कळत न्हाई, आन दुकानदार म्हणत्यात आजी, टच फोन घ्या."

मी ती डबी चिमटीत धरून मागच्या अंगणात नेली आणि सावलीत शहाबादी फरशीवर ठेवली, कशालाही टेकणार नाही अशी. फुगलेली बॅटरी घरात ठेवू नये एवढं मला ठाऊक होतं. परत येऊन विचारलं, "पडली होती का कुठं?"

"न्हाई की. लई जपलीया. थंडीत ती गारठायची वैनी. पान्याच्या कडंला गार किती पडतंय, तुमास्नी ठावं हाय. दोन दिस चालायची ती एका दिसात बसाय लागली. म्हून मी काय केलं, चार्जिंगला लावली की घोंगड्यात गुंडाळून ठिवायची. नव्या कोकराला ठिवतो तशी."

 चार्जिंगला लावलेली वस्तू आपली आपणच तापते, तिला वारा लागला पाहिजे, हे मी जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं. गोजाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी मीच उकडून मारली म्हना की," त्या म्हणाल्या आणि चहा बशीत ओतला.

फोन लागतो कशाला, हे मला अर्धवट माहीत होतं. त्या सकाळी पुरतं कळलं.

बिरप्पादादा रोज सांजेला फोन करतात. जोतिरामने त्यांच्या फोनचं एक बटण गोजाबाईंच्या नंबरला लावून दिलंय, ते त्यांना डाव्या अंगठ्याने दाबता येतं. बोलता येत नाही. गोजाबाई फोन उचलतात, "हाय, आमी हितं हाय" एवढं सांगतात आणि फोन मेंढरं रात्री कोंडतात त्या जाळ्याशी नेऊन ठेवतात.

"कशाला?"

"सांजेला मेंढरं तळावर येत्यात का न्हाई, तवा कोकरं सोडायची असत्यात. दिसभर कोकरं तळावर आन त्यांच्या आया रानात. सोडली की एकच गोंधळ. समद्या आया वरडत्यात, समदी कोकरं वरडत्यात. परत्येक कोकराला आपली आय घावूस्तवर ती गप बसत न्हाईत. घावली की एकेक गप हुतंया. समदी गप झाली की झालं." त्यांनी बशी खाली ठेवली. "ह्ये त्येवढं ऐकत्यात. समदं गप झालं की फोन ठिवत्यात."

मग पुढचं त्यांनी खाली बघतच सांगितलं. दादा पडले तेव्हा जोतिराम त्यांच्या खाटेशी बसून बोलला होता की आता ही मेंढरं विकून टाकू, कोण हिंडणार. त्याला वाटलं, आबांना समजत नाही. त्यांना सगळं समजत होतं. तेव्हापासून एखाद्या सांजेला फोन लागला नाही की त्यांना वाटतं, मेंढरं गेली. राजनंदिनी सांगते, आबा, आत्याबाईंच्या फोनची बॅटरी उतरली असंल. पण ती जोतिरामची बायको, तिच्या शब्दावर ते कशाला विश्वास ठेवतील? परवा ती डबी मेली, फोनची बॅटरीही उतरली, आणि सलग दोन सांजा फोन लागला नाही. दादांनी ताट ढकलून दिलं. पाण्याचा तांब्यासुद्धा. राजनंदिनीने शेवटी शेजारच्या वस्तीवरच्या कुणाला तरी फोन करून निरोप पाठवला, तेव्हा गोजाबाई कुणाचा तरी फोन घेऊन जाळ्याशी गेल्या. कोकरं कधीच दूध पिऊन निजली होती. त्यांनी दोन कोकरं उचलून आयांपासून लांब नेली, वरडायला लावली, परत सोडली.

"तवा जेवलं," त्या म्हणाल्या. "आज मला सांजच्या आत तितं परत पोचलं पायजे. डबी घिऊन."

नवी पेठेत पंचाक्षरींचं दुकान आहे. कापडाच्या दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये चिमटल्यासारखं, आत दोन स्टुलांपुरती जागा. चार्जर, कव्हरं, बॅटऱ्या, हेडफोन. पंचाक्षरी स्वतः पन्नाशीचे, कपाळावर भस्माची पट्टी, आणि चेहरा असा की दिवसभर सगळं जग त्यांच्याकडे बंद पडलेल्या वस्तूच घेऊन येतं. ते खरंही आहे. मी त्यांच्याकडून गेली कित्येक वर्षं घेते, कारण ते एखादी वस्तू चांगली नसेल तर तोंड वाकडं करून सांगतात.

"बसा की वैनी," ते म्हणाले. "कुणाला पाहिजे? काकूंना? मग मोठीच घ्या, वीस हजार एमएएचची. एकदा भरली की आठवडा बघायला नको." त्यांनी एक चकचकीत डबी काढली. पुढे आकडे दाखवणारा पडदा.

गोजाबाईंनी ती हातात घेऊन तोलली. मेंढराचं कोकरू तोलतात तशी, तळव्यावर, डोळे दुसरीकडे. "वजन हाय."

"वजन पाहिजेच काकू. हलकी लागली की समजायचं आत कायतरी कमी हाय. ठेल्यावरच्या बघा, वरती लिवलेलं असतं लाख, आत काय नसतं."

मी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचायला घेतलं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात वीस हजार असतं, पण फोनला प्रत्यक्षात किती मिळणार ते मागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि ते बरंच कमी असतं. सरकारी बीआयएसचा शिक्का आहे का, त्याच्याखाली नंबर आहे का, वॉरंटीचं कार्ड दुकानाच्या शिक्क्यासकट मिळेल का, हे मी बघून घेतलं. सगळं होतं.

"उन्हावर चालनारी असती की," गोजाबाई म्हणाल्या. "आमच्यातल्या एकाकडं हाय. आमी दिसभर उन्हातच असतो."

पंचाक्षरींनी तोंड वाकडं केलं. "शोभेची. एवढ्याशा काचेवर भरायला तुमचे कितीतरी दिवस जातील. आन उन्हात ठेवून ठेवून आतली बॅटरी बसणार. नका घेऊ."

"बरं," गोजाबाई म्हणाल्या. "मग हीच लावून दावा. माज्या फोनला."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून आपला फोन काढला. साधा बटणांचा, मागचं झाकण रबराने बांधलेलं. पंचाक्षरींनी वायर जोडली, फोनवर चार्जिंगचं चिन्ह आलं. पंचाक्षरी डबी खोक्यात घालायला निघाले, तर गोजाबाईंनी हात आडवा धरला.

"ऱ्हाऊ द्या. जरा वेळ बगू की."

"अहो काकू, चालू झाली म्हणजे झाली."

"चालू तर ठेल्यावरचीबी झालीती."

पंचाक्षरी हसले नाहीत, पण चहा सांगितला. आम्ही बसलो. बाहेर रिक्षांचे हॉर्न, कापडवाल्यांचे "या ताई, बघा तर" चाललं होतं. गोजाबाई फोनकडे बघत बसल्या होत्या, एकटक, मेंढराची वेळ भरत आल्यावर त्या बसतात तशा. चहा अर्धा झाला नसेल, तोवर फोनवरचं चिन्ह गेलं.

"मधीच बंद पडली," त्या म्हणाल्या.

पंचाक्षरींनी बटण दाबलं. चालू झाली. आम्ही पुन्हा बसलो. थोड्या वेळाने पुन्हा गेली. त्यांनी वायर बदलली, तरी तेच.

"ही खराब नाही," ते शेवटी म्हणाले आणि डोळे चोळले. "ही मोठ्या फोनांसाठी केलेली. तुमचा फोन लई थोडी लाईट ओढतो. एवढी थोडी की हिला वाटतं, पलीकडं कुणी नाहीच. मग आपोआप बंद होते. झोपते म्हणा."

गोजाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "आमचं ह्येबी फोनवर बोलत न्हाईत. म्हून काय पलीकडं कुणी न्हाई व्हय?"

पंचाक्षरींनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. बिरप्पादादा, सांजेचा फोन, कोकरं. ते ऐकत होते तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात येऊन "कव्हर आहे का" म्हणून विचारू लागलं, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"किती वेळ चालतो हा फोन?" त्यांनी विचारलं.

"ती गप होस्तवर."

"आन तुम्ही डबी भरणार कुठं?"

"मोटरीच्या पेटीपाशी. रानात दुसरं काय असतंय?"

"तिथं नका लावू काकू. मोटर चालू-बंद झाली की लाईट उसळते, डबी मरते. घराच्या बोर्डाला लावा."

"घरं लांब असत्यात. आन लोक रातभर ठिवून घेत न्हाईत."

"भाऊजींच्या घरी लावा," मी म्हटलं. "मी फोन करून सांगते त्यांना. तुमच्या तळापासून फार लांब नाही."

"आन चिंतामणरावांच्यातनं निगालो, की म्होरं?"

याचं थोडं उत्तर पंचाक्षरींकडे होतं. त्यांनी वीस हजारची डबी खोक्यात घालून वर ठेवून दिली आणि खालच्या खणातून एक दहा हजारची काढली. बिनपडद्याची, काळी, बाजूला चार बारके दिवे. खोक्यावर धूळ होती, ती त्यांनी शर्टाच्या बाहीने पुसली.

"मोठी डबी भरायलाच रात्र जाते," ते म्हणाले. "लाईट मध्येच गेली तर तुमची नुसती अर्धीच भरणार, आन ओझं मात्र पुरं वाहायचं. ही छोटी लवकर भरते. तुमच्या फोनला हीच भरपूर झाली. आन हिच्यात एक सोय आहे. हे बटण लागोपाठ दोनदा दाबायचं. मग ती झोपत नाही. थोडी ओढली तरी देत राहते."

"दोनदा."

"दोनदा. हा एक दिवा वेगळा लागतो बघा. तो लागला का, मगच फोन ठेवून जायचं."

गोजाबाईंनी दोनदा दाबलं. दिवा लागला. परत बंद करून परत दाबलं. मग फोन जोडून दोन्ही मांडीवर घेऊन बसल्या. पंचाक्षरी गिऱ्हाइकाला कव्हर दाखवू लागले. मी मागचं बारीक अक्षर वाचत होते, शिक्का, नंबर, सगळं. मान वर केली तर गोजाबाई स्टुलावर बसल्या-बसल्या झोपल्या होत्या, एक तळहात डबीवर. मी उठवलं नाही. पंचाक्षरींनीही पंखा त्यांच्याकडे वळवला आणि आवाज खाली केला. कितीतरी वेळाने मी वाकून पाहिलं. फोनवरचं चिन्ह तसंच होतं.

निघताना पंचाक्षरींनी एक आखूड जाड वायर वेगळी दिली, "डबीच्या आधी वायर जाते, ही जवळ ठेवा," म्हणाले. पैसे गोजाबाईंनी आपल्या पिशवीतूनच दिले. मी मध्ये पडले नाही, पडले असते तर पुढच्या वर्षी आमच्या दारावर थाप मारताना त्यांनी विचार केला असता. जुनी फुगलेली डबी आणून द्या, घंटागाडीत टाकू नका, असंही पंचाक्षरींनी मला बजावलं.

घरी आलो तेव्हा ऊन चढलं होतं. मी नवी डबी भिंतीतल्या बोर्डाला लावली, खाली मोकळ्या फरशीवर. वर काही घालायचं नाही, हे सांगावं लागलं नाही. गोजाबाईंनी आपलं घोंगडंच तिथून उचलून लांब ठेवलं. मी भाकरी, शेंगाचटणी, दही वाढलं. त्या खाली बसून जेवल्या. बऱ्याच वेळाने मी विचारलं.

"गोजाबाई, खरं सांगा. मेंढरं विकायची आहेत का?"

त्यांनी घास पूर्ण चावला.

"मला इचाराल तर इकावीशी वाटत्यात, वैनी," त्या म्हणाल्या. "जोतिराम काय चुकीचं सांगत न्हाई. माजं गुडगं गेलं. घोड्याम्होरं चालाय लागलं की वाटंतच बसावं वाटतंया. सिद्धारामभावजीबी दमल्यात. आता कोन थांबलंय आमच्यासाठी? रानं कमी झाली. जिकडं बगल तिकडं ऊस. मेंढराला पाय टाकाय जागा न्हाई." पाणी प्यायल्या. "पर ह्ये ऐकत्यात तवर न्हाई. सांजेला त्येंचा अंगठा त्या बटनावर हाय तवर न्हाई. दुसरं काय उरलंय त्येंच्याकडं?"

हे जोतिरामला सांगितलंय का, असं मी विचारणार होते. विचारलं नाही. त्यांचा आवाज मला सांगण्यातला नव्हताच, त्या ताटाकडे बघूनच बोलल्या होत्या.

जेवण झाल्यावर मी खाट दाखवली. त्या खाटेवर झोपल्या नाहीत. डबीच्या शेजारी, फरशीवर, उशाला हात घेऊन पडल्या आणि पडल्या-पडल्या झोपल्या. तोंड डबीच्या दिव्यांकडे. एक दिवा स्थिर लागला होता आणि दुसरा लुकलुकत होता.

थोड्याच वेळात लाईट गेली. पंखा फिरत-फिरत थांबला. घरात ते उन्हातलं बंद पडलेलं गप्पपण पसरलं. डबीवरचे दिवेही गेले. मी दोनदा मेन स्विचशी जाऊन आले, शेजारी विचारून आले, सगळीकडेच गेली होती. गोजाबाई उठल्या नाहीत. घामाने त्यांचा गळा ओला झाला होता, तरी झोप मोडली नाही. मी खिडकी उघडली, पडदा बांधला आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर गवार निवडत बसले. मनात सारखं येत होतं की टेंभुर्णीची गाडी, तिथून पुढे जीप, तिथून पुढे चालत. ऊन कलायच्या आत त्या निघाल्या नाहीत तर कोकरं सोडायच्या वेळेला पोचणार नाहीत. आणि डबी अर्धीच.

लाईट आली तेव्हा मी आधी डबी पाहिली. दुसरा दिवा परत लुकलुकू लागला. गवार निवडून झाली, कणीक मळून झाली, तो स्थिर झाला. तिसरा लुकलुकू लागला. त्यापुढे थांबता येत नव्हतं. मी गोजाबाईंच्या खांद्याला हात लावला.

त्या एकदम उठून बसल्या. "वरडलं का?"

"नाही. इथं मेंढरं नाहीत. तुम्ही माझ्या घरी आहात."

त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला, मग डबीकडे पाहिलं. "दोनच."

"लाईट गेली होती. निघायला हवं. दोन दिवे बरेच दिवस पुरतील तुमच्या फोनला. आज रात्री भाऊजींच्या घरी लावा, मी फोन केलाय. मोटरीच्या पेटीला नको."

"घोंगड्यात नको. पेटीला नको. दोनदा दाबायचं." त्या मोजल्यासारखं बोलल्या. "मंग कशात नेऊ?"

मी जुन्या साडीची एक सुती पिशवी काढून दिली. वायर वेगळी, डबी वेगळी. चार्जिंगला नसेल तेव्हा थंडीत अंगाशी धरलीत तर चालेल, हेही सांगितलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. पिशवी त्यांनी पदराखाली, कमरेला खोचली.

फाटकापर्यंत मी बरोबर गेले. रिक्षा लांबून येताना दिसत होती. गोजाबाईंनी एका हाताने फाटक धरलं होतं, गुडघ्यावर भार पडू नये म्हणून.

"वैनी, हिच्यावर इस्वास ठिवू का?"

मी खोटं बोलू शकले असते. "चांगली आहे," म्हटलं. "आपण बसून बघितलीय. पण वस्तूच ती गोजाबाई. पाण्यात पडली, घोड्यावरून पडली, वायर तुटली, नाहीतर तुम्हीच कुठं रेंज नाही अशा ठिकाणी असलात, तर मी काय सांगू?"

त्यांनी मान हलवली. हेच ऐकायचं असल्यासारखी. 

"तुमास्नी आठवतंय का," त्या म्हणाल्या, "एका वर्सी तुमच्या रानात आमचं कोकरू गेलंतं. चिंतामणराव म्हणाले लांडग्यानं नेलं. आन तुमी म्हणाला, न्हाई, आमच्याच कुत्र्यानं धरलं, मी बगितलं."

आठवत होतं. दिरांनी मग चार दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

"तवापासनं आमचं ह्ये म्हणायचं, ती वैनी सांगंल त्ये खरं. बोलता यायचं तवा म्हणायचं."

रिक्षा आली. गोजाबाईंनी एक पाय आत टाकला, घोंगडं मांडीवर घेतलं, आणि मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "राजनंदिनीचा नंबर हाय तुमच्याकडं. माजा फोन सांजंचा लागला न्हाई, तर तुमी तितं फोन करा. तिला सांगा, त्येंच्या कानाला लाव. आन म्हना, मेंढरं हायती. एवढंच म्हना."